बुजगावणं आणि कावळा

अण्णांनी चौथी मोडकी छत्री घरात आणली, तेव्हा योगिनीने ती बाकीच्या तिन्ही छत्र्यांशेजारी गॅरेजच्या दाराला टेकवून ठेवली. आयर्लंडमधल्या शॅननच्या वाऱ्यात छत्री दोन महिने टिकली तरी नशीब. लोक उलट्या झालेल्या छत्र्या बस-स्टॉपच्या कचरापेटीत खोचून पुढे जात, आणि अण्णा सकाळच्या फेरीत त्या उचलून आणत.

"काळं कापड आहे गं, अस्सल," ते म्हणाले. "पाणी शिरत नाही, सुरकुती पडत नाही. कावळ्याच्या पंखाला ह्यापेक्षा चांगलं काय मिळणार हाय?"

अण्णा म्हणजे तिचे सासरे, नंदकुमार. सांगलीत त्यांचं चाळीस वर्षं कपडेपटाचं दुकान होतं. नाटकवाल्यांचे शेले, शाळांच्या गॅदरिंगचे मावळे, परीराण्या, वाघ, अस्वलं, सगळं भाड्याने देणारं. सुलेखाताई, म्हणजे सासूबाई, अण्णांची सुलू, एप्रिलमध्ये गेल्या. दुकान त्याआधीच बंद झालं होतं. योगिनीच्या नवऱ्याने, मुकुलने, सप्टेंबरात वडिलांना इकडे आणलं. पहिले पंधरा दिवस ते खिडकीशी बसून समोरच्या एकसारख्या घरांकडे बघत राहिले. मग नात स्वानंदी शाळेतून आली आणि मुलांनी सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायच्या हॅलोविनचं बोलली, आणि म्हातारा उठून बसला.

या घरात हॅलोविनचे कपडे विकत आणायचे नाहीत, असा इकडे आले त्या वर्षापासूनचा नेम होता. एका वर्षी कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचं वटवाघूळ झालं, एका वर्षी खोक्यांचा रोबो. सगळं योगिनीने रात्री जागून, स्टेपलर आणि चिकटपट्टीवर भागवलेलं. अण्णांनी ते फोटो पाहिले आणि नुसतं "हं" म्हटलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या नोरीनबाईंकडून शिवणयंत्र आलं.

दहा वर्षांच्या स्वानंदीला कावळा व्हायचं होतं. मग तिच्यासोबत दारोदार हिंडायला अण्णा काय होणार? "मी बुजगावणं," ते म्हणाले. फुग्यावर कागदाचे थर चिकटवून त्यांनी रानात बुजगावण्याला घालतात तसलं मडकं केलं, काळं रंगवलं, त्यावर पांढरे डोळे आणि फताडे दात काढले, बघायला डोळ्यांत बारीक भोकं ठेवली. मुकुलचा जुना निळ्या चौकड्यांचा शर्ट, त्यात पेंढा. हातांना गोणपाटाचे मोजे, बोटं नसलेले, नुसत्या पिशव्यांसारखे. मडकं डोक्यात घातलं की आतून त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा आणि चेहरा अजिबात दिसायचा नाही. स्वानंदी खिदळून लोळायची.

पंधरा दिवस घर असं आनंदात होतं. भांडण झालं ते हॅलोविनच्या आधी तीन दिवस.

नोरीनबाईंनी ब्रॅक आणून दिला होता, इथे या दिवसांत करतात तो मनुकांचा गोड पाव. योगिनीने तो वरच्या प्रेसमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागे ठेवला. अण्णांना बावीस वर्षांची साखर, दोन्ही वेळा इन्शुलिन. सकाळी यंत्राने सतरा दाखवलं. इथला आकडा आपल्याकडच्या हिशोबात आणायला अठराने गुणावं लागतं. योगिनीने गुणलं, तीनशे सहा आलं आणि तिच्या कपाळाची शीर उडाली. प्रेस उघडला तर निम्मा ब्रॅक गायब.

"अण्णा, तुम्हाला काही झालं तर रजा मला काढावी लागते. तुम्हाला नाही," ती म्हणाली. स्वानंदी समोर होती. मुकुलही होता.

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "एवढंच ना? आजपासनं तुझ्या घरात गोडाला हात लावणार न्हाई. झालं समाधान?"

सांगलीची बोली त्यांच्या तोंडी रागात अशी पुरती उतरायची. तीन दिवस त्यांनी शब्द पाळला. चहाबरोबरचं मारी बिस्किटसुद्धा त्यांनी बशीतून उचलून योगिनीच्या पुढ्यात सरकवलं. योगिनीला माफी मागायची होती. पण फार्मा कंपनीत क्वालिटीचं काम करणाऱ्या बाईला चूक कागदावर लिहिता येते, तोंडाने बोलता येतेच असं नाही.

हॅलोविनच्या दिवशी योगिनी घरूनच काम करत होती. मुकुल मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात दुपारच्या शिफ्टला गेला होता. तिथे क्लीनरूममध्ये शिरताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, म्हणजे रात्री दहापर्यंत तो असून नसल्यासारखा. ठरलं होतं असं: पावणेपाचला अण्णांनी इन्शुलिन घ्यायचं, पाचला जेवायचं, मग साडेपाचला आजोबा-नात बाहेर पडणार. भाकरी, पिठलं, मेथीची भाजी तयार होती. योगिनीने ताट वाढून झाकण ठेवलं आणि अमेरिकेतल्या साहेबांबरोबरच्या मीटिंगसाठी वरच्या खोलीत गेली.

पाचला पाच मिनिटं असताना खालून आरडाओरडा ऐकू आला. ईफा आणि केटी, स्वानंदीच्या मैत्रिणी, अर्धा तास आधीच दारात उभ्या. बाहेर अंधार पडत आला होता. स्वानंदी पंख फडफडवत जिन्यावर आली आणि इंग्रजीतच म्हणाली, "ममा, सगळे निघालेत! आम्ही आत्ताच जायला हवं!"

योगिनीने माइक बंद केला. जिन्याच्या तळाशी मडकं घातलेले अण्णा उभे होते, दोन्ही हात बुजगावण्यासारखे आडवे पसरून.

"अण्णा, जेवलात?"

"आलो की जेवतोच. पोरी थांबतील व्हय?" मडक्यातून आवाज आला.

"इन्शुलिन घेतलंय ना तुम्ही?"

"घेतलंय की."

इथे तिने नाही म्हणायला हवं होतं. ते तिला त्या क्षणीही कळत होतं. पण कानातल्या हेडफोनमध्ये कुणीतरी दुसऱ्यांदा तिचं नाव घेत होतं, आणि तीन दिवसांनी अण्णा पहिल्यांदाच तिच्याशी नीट बोलत होते. पुन्हा खाण्यावरून त्यांना अडवायचं तिच्या जिवावर आलं.

"अर्ध्या तासात परत या. नक्की. स्वानंदी, आपल्याच इस्टेटमध्ये, ह्या वसाहतीतच. मेन रोड ओलांडायचा नाही."

दार लागलं. ती मीटिंगला गेली.

मीटिंग संपली तेव्हा सहाला दहा मिनिटं होती. योगिनी खाली आली. ओट्याजवळच्या टेबलावर ताट तसंच झाकलेलं होतं. शेजारी अण्णांचा फोन आणि चष्मा. मडक्यात चष्मा बसत नव्हता, आणि बुजगावण्याच्या शर्टाला खिसा ठेवला नव्हता.

तिने झाकण उचललं. पिठल्यावर साय धरली होती.

पावणेपाच ते सहा. इन्शुलिन आत, अन्न नाही, वर चालणं. तिने ओट्याला धरून हिशोब केला आणि चप्पल शोधायला लागली. तेवढ्यात दार वाजलं. दारात छोटे छोटे सांगाडे, एक भोपळा. "ट्रिक ऑर ट्रीट!" तिने टोपलीतली मूठभर चॉकलेटं त्यांच्या पिशव्यांत टाकली, आणि त्यांच्या डोक्यांवरून रस्त्याकडे पाहिलं. काळे झगे, पांढरे चेहरे, शिंगं, मुखवटे. रस्ताभर माणसं, आणि एकाचाही चेहरा ओळखू येत नव्हता.

त्या गर्दीतून स्वानंदी आली. एकटी. पंखाची एक काडी वाकलेली, हातात नोरीनबाईंनी दिलेली छोटी बादली, गोळ्यांनी भरलेली.

"आजोबा कुठायत?"

स्वानंदी थांबली. "घरी नाही आले?"

"तुझ्याबरोबर होते ना ते!"

"ते दमले. ते म्हणाले, मी घरी जातो." तिने बादलीकडे बघत सांगितलं. "आय थॉट ही वॉज होम, ममा."

"कधी? किती वेळ झाला?"

"डोन्ट नो. मघाशी."

योगिनीने शेजारी नोरीनबाईंचं दार वाजवलं. सत्तरीच्या नोरीनबाई चेटकिणीची टोपी घालूनच बाहेर आल्या. सगळं ऐकून त्यांनी टोपी काढली. "मी तुझ्या घरात बसते," त्या म्हणाल्या. "ते आले तर आधी साखरेचं पाणी देते, मग तुला फोन करते. तू जा." योगिनीने कारखान्याच्या मुख्य दाराचा नंबर लावला, रिसेप्शनवरच्या माणसाला मुकुलसाठी निरोप दिला, आणि स्वानंदीचा हात धरून रस्त्यावर आली.

अण्णा घरी यायला निघाले असतील तर मुलींच्या नेहमीच्या वाटेवरच असणार. आधी ती वाट. शॅनन हे विमानतळाच्या आधाराने वसवलेलं गाव. घरं एका साच्यातली, मागून पुढून सारखी, आणि मधूनमधून माणसाला चक्रावून टाकणाऱ्या गल्ल्या. दिवसाउजेडीसुद्धा अण्णा दोनदा चुकीच्या दारात किल्ली लावून उभे राहिले होते. आता अंधार, वर मडकं, आणि चष्मा टेबलावर.

"बुजगावणं पाहिलंत का? म्हातारं माणूस, डोक्यावर मडकं?" ती दिसेल त्याला विचारत होती.

"बुजगावणं? अगं, पाच-सहा पाहिली," एक बाप हसून म्हणाला. त्याच्या खांद्यावर झोपलेली परी होती. "तिकडे एका घरासमोर तर ओळीने मांडलीत."

कुठेतरी फटाका उडाला. हिरवळीच्या टोकाला मोठ्या पोरांनी मालाची लाकडी पॅलेट पेटवली होती आणि धूर खाली बसत होता. योगिनी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबून हाक मारत होती. "अण्णा! अहो अण्णा!" तिची हाक ऐकून दोन मुखवटे मागे वळले आणि त्यांनीही मजेत हाक दिली, "अन्ना! अन्ना!"

तिने पूर्ण वाट पालथी घातली. परत फिरून दुसऱ्यांदा घातली. एका घराच्या बागेत शवपेटी, सांगाडे, जाळी लावलेलं झुडूप आणि लाकडी बाकावर बसवलेल्या बाहुल्या होत्या; त्या बागेसमोरून ती दोन्ही वेळा धावत गेली. वीस मिनिटं गेली. नोरीनबाईंचा फोन नाही. गावाच्या पलीकडे खाडी आहे, बांधावरून जायची पायवाट आहे. अण्णांना तिथे फिरायला आवडायचं. त्या बांधावर दिवे नाहीत.

"स्वानंदी, नीट आठव. कुठल्या कोपऱ्यावरून ते घरी वळले?"

स्वानंदी नुसती रडायला लागली.

हिरवळीजवळच्या भिंतीवर सोळा-सतरा वर्षांच्या पोरी बसल्या होत्या, चेहऱ्यावर लाल रंग फासून. योगिनीने विचारताच एक जण टाळी वाजवून म्हणाली, "युअर मॅन विथ द पॉट? तो मडकंवाला? तो तर भारी होता! दारू प्यायल्याची काय ॲक्टिंग! आम्ही व्हिडिओ काढलाय."

तिने फोन पुढे केला.

व्हिडिओत अण्णा होते. रस्त्याच्या दिव्याखाली, मडक्यासकट डोलत, एक पाऊल पुढे, दोन बाजूला. गोणपाटाचा हात हवेत काहीतरी चाचपत होता. दुसऱ्या हाताने पांढरी उशीची खोळ छातीशी धरलेली. पोरी हसत होत्या, कुणीतरी शिट्टी वाजवली. आणि हसण्याच्या खालून मडक्यातला तो विहिरीतला आवाज आला.

"ती कसली भाषा?" पोरीने विचारलं. "भुतांची?"

योगिनीने फोन कानाशी धरला आणि पुन्हा लावला.

"सुलू... गूळ दे गं. सुलू, गूळ..."

ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं होतं, त्यांतल्या कुणालाच कळलं नव्हतं, की हा माणूस मदत मागतोय. योगिनीने फोन पोरीपुढे धरला. "किती वाजता काढला हा?"

पोरीचं हसू विरलं. तिने बघितलं. "पाच चाळीस. का? काय झालंय?"

"ते आजारी आहेत. ॲक्टिंग नाही ती. हे कुठे आहे? कुठला दिवा?"

"ओह गॉड," पोरगी म्हणाली आणि भिंतीवरून उडी मारून उतरली. "तिकडे. त्या कोपऱ्यावर."

तो घरी जायचा रस्ता नव्हताच. तो मेन रोडच्या बाजूचा कोपरा होता. योगिनीने वळून लेकीकडे पाहिलं.

"ममा, आय लाइड," स्वानंदी म्हणाली. मग ती भडाभडा बोलली, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. मेन रोडच्या पलीकडच्या इस्टेटमध्ये कुणीतरी गॅरेजमध्ये भुताटकीचं घर केलं होतं. ईफाला तिथे जायचं होतं. आजोबा हळू चालत होते, प्रत्येक दारात नाटकातल्यासारखे वाकून मुजरा करत होते, केटी त्यांना हसत होती. "मी त्यांना भिंतीवर बसवलं. म्हटलं, इथेच बसा, हलू नका, मी येते. आणि माझी खोळ जड झाली होती, ती त्यांच्याकडे ठेवायला दिली. परत आले तर ते नव्हते. मला वाटलं, ते चिडून घरी गेले. तू ओरडशील म्हणून..."

ओरडायला वेळ नव्हता. "चल," योगिनी म्हणाली.

कोपऱ्यावर दिवा होता, भिंत होती, माणूस नव्हता. तिथून ती एकेका घराची बाग बघत निघाली. भिंतीवरच्या तिघी पोरी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने फोनचे दिवे पाडत निघाल्या. तिसरं घर, चौथं घर. सातव्या घरापाशी सांगाडे आणि शवपेटी आली, मघाचीच बाग, योगिनी या वेळी उलट बाजूने तिथे पोचली होती. बाकावर बाहुली होती. पेंढ्याची, भोपळ्याच्या डोक्याची. आणि तिच्या शेजारी दुसरी बाहुली, तिच्यावर कलंडलेली, मडक्याच्या डोक्याची. एक आई आपल्या दोन लहान मुलांना त्या दोघींच्या पुढे उभं करून फोटो काढत होती.

"डोक्याला हात लाव ना त्याच्या," आई मुलाला सांगत होती. "घाबरू नको, खोटं आहे ते."

निळ्या चौकड्यांचा शर्ट.

योगिनी झुडपातूनच आत घुसली. जाळी तिच्या केसांत अडकली. तिने मुलाला बाजूला सारलं, दोन्ही हातांनी मडकं धरलं आणि वर ओढलं. आई किंचाळली.

अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला होता. घामाने केस कपाळाला चिकटलेले, डोळे अर्धवट उघडे आणि कशावरच न ठरलेले. गळ्याला हात लावला तर थंड, ओला. श्वास होता. "अण्णा! अण्णा, मी योगिनी!" तिने कानाची पाळी जोरात दाबली. ओठ किंचित हलले.

मांडीवर खोळ होती. तोंडाची गाठ जशीच्या तशी. आत किलोभर तरी गोळ्या-चॉकलेटं असतील.

"साखर! मध! काहीही गोड, पातळ!" ती ओरडली. घराची मालकीण धावत बाहेर आली आणि बाकावरचं दृश्य बघून आल्या पावली आत वळली. पोरींपैकी एकीने ॲम्ब्युलन्ससाठी एकशे बारा लावला होता, तिने फोन योगिनीच्या कानाशी धरला. पलीकडची बाई शांतपणे विचारत होती, एअरकोड, म्हणजे त्या घराचा पोस्टाचा कोड, काय? "एअरकोड!" योगिनीने ओरडून विचारलं, आतून मालकिणीने तो ओरडून सांगितला, पोरीने तो फोनमध्ये सांगितला.

"शुद्धीवर आहेत का? गिळता येतंय?"

"अर्धवट. माहीत नाही."

"एका कुशीवर वळवा. तोंडात काही ओतायचं नाही. मध असेल तर बोटाने गालाच्या आतून थोडा थोडा चोळा. गिळतायत का बघा. ठसका लागला तर थांबा."

योगिनीने आणि एका पोरीने मिळून त्यांना बाकावरून खाली गवतावर घेतलं, कुशीवर. मधाची बाटली आली. जबडा घट्ट होता. योगिनीने ओठ आणि दात यांच्या फटीतून बोट घातलं आणि मध चोळला. निम्मा हनुवटीवरून ओघळला. पुन्हा. पेंढा तिच्या गुडघ्यांना टोचत होता. स्वानंदी आजोबांच्या डोक्यापाशी बसली होती, आणि कुणी न सांगता तिने त्यांच्या हातांचे गोणपाटाचे मोजे काढून टाकले होते.

"गिळा, अण्णा. गिळा हो," योगिनी म्हणत होती. "तुमची शपथ मोडली तरी चालेल, मी सांगते ना. गिळा."

एक मिनिट. दोन मिनिटं. रस्त्यावर माणसं गोळा झाली होती. सांगाडे, चेटकिणी, एक मोठा ससा. मग घशाची घाटी वर-खाली झाली. एकदा. मग पुन्हा.

"गिळलं!" योगिनी फोनमध्ये ओरडली.

"छान. सावकाश. गाडी वाटेत आहे."

अठरा मिनिटांनी गाडी आली. हिरव्या गणवेशातल्या बाईने बोटाला टोचून पाहिलं आणि आकडा मोठ्याने वाचला. एक पॉइंट नऊ. योगिनीने सवयीने अठराने गुणलं, चौतीस. मधानंतरचा आकडा हा, तर आधीचा काय असेल, हे तिने गुणलं नाही. दंडात एक इंजेक्शन गेलं. सात-आठ मिनिटांनी अण्णांचे डोळे हळूहळू एका जागी आले, आणि पहिल्यांदा त्यांना दिसला तो मोठा ससा. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हे कुठलं गॅदरिंग?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

योगिनी मघापासून रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

घराची मालकीण दारात उभी राहून परत परत एकच सांगत होती, "मला वाटलं, माझ्या नवऱ्यानेच दुसरं आणून बसवलं. मी खिडकीतून बघत होते त्याच्याकडे. बघत होते मी."

मुकुल थेट जवळच्या लिमरिकच्या हॉस्पिटलात पोचला. अण्णांना रात्रभर तिथेच ठेवलं, कारण इन्शुलिन अजून अंगात होतं आणि साखर पुन्हा उतरू शकत होती. सकाळी आठला योगिनी स्वानंदीला घेऊन गेली, तेव्हा अण्णा उशीला टेकून बसले होते, पुढ्यात टोस्ट आणि चहा. मुकुल खुर्चीत होता, कारखान्याच्या कपड्यांतच, डोळे लाल.

"मला एक कळत नाहीये," तो म्हणाला. त्याने स्वानंदीकडे पाहिलं. रात्री तिने नोरीनबाईंना सगळं सांगितलं होतं, आणि त्यांच्याकडून फोनवर तिचं खोटं त्याला कळलं होतं. "तू त्यांना एकटं सोडून रस्ता ओलांडून गेलीस. वर खोटं सांगितलंस. आणि ते जेवले नव्हते, तर..."

"जेवले नव्हते, हे मला माहीत होतं," योगिनी म्हणाली. "इन्शुलिन घेतलेलंही माहीत होतं. मी विचारलं, त्यांनी सांगितलं, तरी मी जाऊ दिलं. मीटिंग चालू होती. स्वानंदीचं आहे ते आहे, त्याचं आपण बघू. पण आधी माझं."

मुकुल उठला, खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. योगिनीला वाटलं होतं, बोलून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. पण आता ते सगळ्यांना दिसत होतं.

"अण्णा," ती पलंगाच्या कडेला बसली. "खोळ तुमच्या मांडीवर होती. हात थरथरायला लागले तेव्हा कळलं असेल ना तुम्हाला? बावीस वर्षांत कितीदा झालंय. एक गोळी तरी तोंडात टाकायची."

अण्णांनी टोस्टचा तुकडा चहात बुडवला आणि तो विरघळून पडेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"कळलं की," ते म्हणाले. "भिंतीवर बसलो तवाच कळलं. गाठ सोडायला हातसुद्धा लावला होता. मग तुझं बोलणं आठवलं. म्हटलं, न्हाई खात. बघू दे हिला, काय होतंय ते. मेलो तर मेलो, हिची रजा वाचली. असलं खोटं कशाला सांगू, की पोरीची गोळ्यांची पिशवी म्हणून हात लावला न्हाई? राग होता. मग डोकं चालंनासं झालं, आणि गाठ सुटंना झाली. तवा भ्यालो. लई भ्यालो, योगिनी."

तिने त्यांचा हात धरला. टोचलेल्या बोटाला कापसाचा बोळा होता.

"मी तसं बोलायला नको होतं," ती म्हणाली. "तेही पोरीसमोर."

"नको होतं," अण्णा म्हणाले. "पर ब्रॅकही मी चोरूनच खाल्ला होता."

स्वानंदी पलंगाच्या पायाशी उभी होती. तिने घरून काहीतरी पाठ करून आणलं होतं असं दिसत होतं, ते ती ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. अण्णांनी तिला जवळ बोलावलं नाही. नुसतं पाहिलं.

"तू सांगितलंस, हलू नका," ते सावकाश म्हणाले. "मी किती वेळ हललो न्हाई, माहीत हाय? वाट बघत होतो. माणसाला असं बसवून जायचं नसतं."

"सॉरी, आजोबा."

"हं. आज राग हाय मला. उद्या बोलू."

तिने मान हलवली आणि ती तिथेच उभी राहिली. कुणी तिला समजावलं नाही. थोड्या वेळाने नर्स यंत्र घेऊन आली, अण्णांनी बोट पुढे केलं, आणि खिडकीपाशी उभा असलेला मुकुल वळून आकडा ऐकायला पलंगाजवळ आला.

"आठ पॉइंट दोन," नर्स म्हणाली. "ग्रँड. पण हा टोस्ट पूर्ण संपवायचा हं."

अण्णांना इंग्रजी कळलं नाही. योगिनीने ते मराठीत सांगितलं, आणि अण्णा टोस्ट संपवेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.